माझ्या तोंडाकडे पाहणारी पोर

माझी मुलगी पाच वर्षांची आहे. तिला ऐकू येत नाही. हे आम्हाला तिला चौथं वर्ष लागल्यावर कळलं, आणि इतक्या उशिरा कळलं ते माझ्यामुळे. आता येत्या जूनमध्ये तिला यवतमाळला, बहिऱ्या मुलांच्या शाळेत, तिथल्याच वसतिगृहात ठेवायचं ठरत आहे. मला तिला पाठवायचं नाही. हे मी अजून कोणाजवळ बोलले नाही.

आमचा तांडा घाटंजीपासून जवळच आहे. घरात आम्ही गोरबोली, म्हणजे आमची बंजाऱ्यांची बोली, बोलतो. पण मला लिहिता मराठीतच येतं, म्हणून घरातलं बोलणंही मी मराठीतच लिहिते. माझ्या माहेरच्या तांड्यात शाळा चौथीपर्यंत होती. तेवढीच शिकले. गुरुजी उभं करून धडा वाचायला लावायचे तेव्हा माझा आवाज पहिल्या बाकापर्यंतही जायचा नाही. गुरुजी म्हणायचे, "बाई, हे पुस्तक आहे, पुस्तकाच्या कानात नको सांगू."

लग्न होऊन आले त्याच दिवशी सासूने सांगितलं, की सासऱ्यांसमोर सुनेचा आवाज निघत नसतो. पदर पुढे आणि तोंड बंद. आता तांड्यातल्या नव्या सुना असं काही पाळत नाहीत. सासऱ्यांना सरळ "बा, चहा घ्या" म्हणतात, त्यांच्यासमोर फोनवर हसतात. मीही बोलले असते तर मला कोणी मारलं नसतं. सासू एकदोनदा म्हणालीही, "बोल व आता, कोण विचारते." पण तोवर माझा आवाज बसून गेला होता. मुळात लाजरी, त्यात सवय झाली.

आमचं घर दोन खोल्यांचं. समोर अंगण, अंगणात कडूनिंब, त्याखाली सासऱ्यांची बाज. त्यांचे गुडघे गेलेले, ते वावरात जात नाहीत. म्हणजे दिवसभर ते घरीच, आणि म्हणून मी दिवसभर मुकी. चहा झाला की मी दाराच्या चौकटीवर बांगड्या वाजवायची. सासू वळून पाहायची, मी हाताने दाखवायची. सासू मोठ्याने म्हणायची, "चहा झाला म्हणते." सासरे म्हणायचे, "दे म्हणा." अशी आमची बोलणी. सासरे वाईट माणूस नाहीत. त्यांनी कधी मला उणं बोलून दाखवलं नाही. बोलायचंच नव्हतं तर उणं कशातून निघणार.

मुलगी झाली तेव्हा मी तिच्याशी बोलायची, पण ओठातल्या ओठात. मांडीवर घेऊन तिच्या तोंडाकडे पाहत राहायची, ती माझ्या तोंडाकडे. रांगायला लागली तशी ती माझ्या डोळ्यांवर चालायला लागली. चुलीकडे निघाली की मी भुवया वर करायची, ती जागीच थांबायची. गालावर हात ठेवला की झोपायला यायची. दोन्ही हात एकमेकांवर थापले की भाकर. अंगठा तोंडाला लावला की पाणी. मिशीवर बोट फिरवलं की आजोबांची काठी नेऊन द्यायची. तांड्यातल्या बाया पाहायच्या आणि म्हणायच्या, "काय शहाणी पोट्टी व! आमच्यावाल्या ओरडून ओरडून नाही आयकत अन् ही नुसत्या डोळ्यानं आयकते."

मला फार बरं वाटायचं. खरं सांगते, माझ्या आयुष्यात लोकांनी माझं कौतुक केलं ते एवढ्याच गोष्टीवरून.

दोन वर्षांची झाली तरी शब्द नाही. आमच्यात आईला याडी म्हणतात. शेजारचं पोर दीड वर्षाचं, ते दिवसभर याडी याडी करत आईच्या मागे फिरायचं. माझी मुलगी नुसता गळ्यातून आवाज काढायची, तोही राग आला तर. सासूने जे जे कोणी सांगितलं ते केलं. देवळातल्या घंटीवर पाणी ओतून ते वाटीत धरून पाजलं. राघूने चोच मारलेला पेरू शोधून आणला, त्यासाठी सासू आठ दिवस झाडं पाहत फिरली. पोरीने पेरू आवडीने खाल्ला आणि अजून पाहिजे म्हणून हाताने दाखवलं.

मग सासू एक दिवस म्हणाली, "आईच मुकी, तर पोर कोणाचं पाहून बोलन? हिच्या कानात शब्दच कोणी टाकला नाही."

ते मला पटलं. म्हणूनच मी गप्प राहिले. दवाखान्यात नेण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही. मला वाटलं, दोष पोरीत नाही, माझ्यात आहे, आणि माझ्या दोषाला डॉक्टर काय करणार.

कानाची शंका सासूलाही आली होती. तिने पोरीला माझ्यासमोर बसवलं आणि मागून पितळेच्या थाळीवर पळी हाणली. आवाज एवढा झाला की अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. मी दचकून थाळीकडे पाहिलं. पोरीनेही लगेच वळून थाळीकडे पाहिलं.

"आयकते!" सासू म्हणाली. "कान चांगले हायेत. जीभच जड आहे."

नवराही म्हणाला, "मी पण चार वर्षांचा होऊन बोललो म्हणते याडी." सासरे बाजेवरून म्हणाले, "अन् आता थांबत नाही." सगळे हसले. मीही पदरात हसले. असं दीड वर्ष अजून गेलं.

त्यानंतर अंगणवाडीत गाडीतून डॉक्टर आले. ते वर्षातून एकदा येतात, मुलांचं वजन, दात, डोळे, कान पाहतात. अंगणवाडीच्या बाईंनी माझा हात धरून मला आत नेलं, नाहीतर मी दारातच उभी राहिले असते. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी पोरीला माझ्यासमोर पाटावर बसवलं आणि तिच्या मागे खुळखुळा वाजवला. पोरगी वळली. दुसऱ्या बाजूने वाजवला. तिकडेही वळली. बाई कागदावर काही लिहिणार, तेवढ्यात थांबल्या. त्यांनी परत वाजवला, पण आता त्या पोरीकडे पाहत नव्हत्या, माझ्याकडे पाहत होत्या.

"ताई, तुम्ही जरा भिंतीकडे तोंड करून बसा."

मला वाटलं माझं काही चुकलं. मी भिंतीकडे वळले. भिंतीवर अ अननसाचा, आ आईचा अशी चित्रं होती. माझ्या पाठीमागे खुळखुळा वाजला. मग घंटी वाजली. मग कोणीतरी जोरात टाळी वाजवली. मग अंगणवाडीच्या बाई बारीक आवाजात म्हणाल्या, "अरे बापा."

मी वळून पाहिलं. पोरगी माझ्या पाठीकडे पाहत शांत बसली होती. मी वळताच हसली.

डॉक्टरीणबाई माझ्याजवळ खाली बसल्या. म्हणाल्या, "ताई, ती आवाजाकडे वळत नाही. तुम्ही जिकडे पाहता ना, तिकडे ती पाहते. तुमचे डोळे फिरले की ती फिरते."

मला ती थाळी आठवली. आणि बांगड्याही आठवल्या. मी चौकटीवर बांगड्या वाजवल्या की घरातली सगळी माणसं वळायची. एकटी तीच कधी वळली नव्हती, आणि ते मी रोज पाहत होते.

यवतमाळच्या दवाखान्यात आम्ही कितीदा गेलो ते आता सांगता येणार नाही. सकाळची एसटी पकडायची, पोरीला खिडकीजवळ बसवायचं. कपाशी वेचायच्या दिवसांत नवऱ्याला येता यायचं नाही, तेव्हा मी एकटी जायची आणि कोणती खिडकी, कोणती खोली हे विचारायची हिंमत होत नसल्यामुळे ज्या बाईच्या कडेवर लहान पोर दिसेल तिच्या मागे मागे जायची. एकदा अशीच मागे जाऊन लस टोचायच्या रांगेत अर्धा दिवस उभी राहिले.

औषध देऊन पोरीला झोपवलं, कपाळाला आणि कानामागे वायरी लावल्या. यंत्राच्या पडद्यावर रेघा येत होत्या. मी रेघांकडे पाहत होते. रेघ थोडी उंच झाली की मला वाटायचं, ऐकलं. तपासणारा मुलगा म्हणाला, "मावशी, तसं नसते ते."

डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही कानांनी जवळजवळ काही नाही. ऑपरेशनचं विचारलं तर त्यांनी मोठ्या मशीनमध्ये आतला फोटो काढायला लावला. फोटोत आतली नसच बारीक होती, ऑपरेशनचा उपयोग होणार नाही म्हणाले. कानाला लावायची मशीन दिली. आणि बोलायला शिकवणाऱ्या मॅडमकडे पाठवलं.

त्या मॅडमबद्दल मला वाईट लिहायचं नाही. माझ्याशी इतकं चांगलं तोवर कोणी बोललं नव्हतं. त्या म्हणाल्या, "हे बघा, मशीन लावून थोडासा जरी आवाज आत गेला तरी त्याचा उपयोग करून घेऊ. सहा महिने मन लावून करू. तुम्ही घरी दिवसभर तिच्याशी बोलायचं. मोठ्याने, कानाजवळ. भाकर करताना भाकर, पाणी देताना पाणी. जे कराल ते बोलून करायचं."

मी मान हलवली.

"आणि हात बंद. ती तुमच्या हातांवर आणि डोळ्यांवर भागवते, म्हणून तिला आवाजाची गरजच वाटत नाही. खुणा करायच्या नाहीत. येईल ना?"

मी पुन्हा मान हलवली. मॅडम हसून म्हणाल्या, "बघा, ही पण खूणच झाली. तोंडानं हो म्हणा."

मी हो म्हणाले. त्यांना ऐकू आलं की नाही माहीत नाही.

घरी नवऱ्याने आईबापाला सगळं सांगितलं. सासू म्हणाली, "हिला? हिला बोलायला सांगितलं? दुसरं औषध नाही का त्यायच्यापाशी?" दुसऱ्या दिवशी माझी भांडी आटोपली तसे सासरे बाजेवरून उठले, काठी घेतली आणि तांड्याच्या टोकाला मंदिराच्या ओट्यावर जाऊन बसले. जेवायला आले, जेवले, परत गेले. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं. मला बोलता यावं म्हणून ते घर सोडून जात होते. गुडघ्यांनी ते एवढं अंतर चालायचे, मध्ये दोनदा थांबायचे. मी दारातून त्यांच्या पाठीकडे पाहायची. कोणी माझ्यासाठी एवढं केलं की मला जास्तच भीती वाटते.

मग मी पोरीला मांडीवर घ्यायची, मशीन लावायची आणि म्हणायची, "पाणी." माझा आवाज मलाच परका वाटायचा. "पाणी. पाणी पी." शेजारीण कुंपणावरून म्हणायची, "काय झालं व, कोणाले पाणी मांगून राह्यली?" मी गप्प व्हायची. परत हिंमत करून बोलायची. पण शब्द सांगून झाला की पुढे काय बोलायचं तेच मला सुचत नसे. दिवसभर बोलायला माणसाजवळ इतकं काय असतं? बाकीच्या बाया कशा बोलतात, कुठून आणतात, ते मी तेव्हा पहिल्यांदा कान देऊन ऐकायला लागले.

आणि हात. हात मी पदराखाली धरून ठेवायची. पोरगी माझ्या तोंडाकडे पाहायची, मग माझे हात शोधायची. पदर ओढायची, हात बाहेर काढायची, स्वतःच्या हाताने माझा अंगठा माझ्या तोंडाला लावायची, की कर, कर ना. मी नाही करायची. मॅडमनी सांगितलं होतं. मग ती माझी हनुवटी धरून तोंड स्वतःकडे फिरवायची आणि माझ्या डोळ्यांत पाहायची. मी डोळे मिटून घ्यायची आणि म्हणायची, "पाणी."

ती रडायची. मशीन काढून फेकायची. एकदा तिने मला गालावर मारलं. तिला वाटलं असेल, याडी रुसली, माझ्याशी बोलत नाही. मी तर कधी नव्हे ते बोलत होते.

सहा महिन्यांनी परत तपासणी झाली. मॅडमनी ढोल वाजवला. पोरगी मशीन लावून ढोलाकडे वळली, मी पाठ करून बसले होते तरी वळली. मला आनंद झाला. पण मॅडमच्या आवाजाकडे ती वळली नाही. माझ्या आवाजाकडेही नाही. मॅडमनी हातातला कागद खाली ठेवला.

"ताई, मी तुम्हाला खोटं नाही सांगणार. बोलणं ऐकण्याएवढा आवाज आत जात नाहीये. वाट पाहत बसलो तर हिची वर्षं वाया जातील. हिला हातांचीच भाषा लागेल."

मी विचारलं, "म्हणजे खुणा?" एवढं मी तोंडाने विचारलं.

"हो. पण तुमच्या घरच्या वीस-पंचवीस खुणांवर नाही भागणार. भाकर, पाणी, झोप, यापुढे काय? काल काय झालं, उद्या काय होणार, मला भीती वाटते, हे ती कशी सांगणार? त्याची पूर्ण भाषा असते, शाळेत शिकवतात. तिच्यासारखी मुलं असतात तिथे. शाळा वसतिगृहाची आहे. लवकर पाठवाल तेवढं चांगलं."

मला विचारायचं होतं, की मग ते सहा महिने मी हात का बांधून ठेवले. विचारलं नाही. मॅडमच्याच डोळ्यांत पाणी होतं.

मला विचारायचं होतं, की ती भाषा मला शिकवाल का. ते एसटीत बसल्यावर सुचलं.

शाळा चांगली आहे, नवरा पाहून आला. मुलं हातांनी भराभर बोलतात म्हणाला, भांडतातसुद्धा हातांनीच. मला माहीत आहे की तिला तिथेच नेलं पाहिजे. ती इथे राहिली तर माझ्यासारखी होईल, आणि माझ्यापेक्षाही वाईट. हे सगळं मला कळतं. पण तिने माझ्याशिवाय कोणाशी बोलायचं? ताप आला, पोटात दुखलं, तर तिची भुवई कोण वाचणार?

परवा अंगणवाडीच्या बाई शाळेचा अर्ज घेऊन आल्या. नवरा, सासू आणि बाई ओसरीवर बसले. मी दाराआड, पोरगी माझ्या मांडीवर. सासरे बाजेवर होते. त्या दिवशी ते मंदिराकडे गेले नाहीत.

सासू म्हणाली, "एवढीशी पोर. तिथं कोण करन तिचं?"

नवरा म्हणाला, "याडी, इथं ठेवून काय करू? बकऱ्या चारायला पाठवू?"

"मी असं म्हटलं का?"

"मंग कसं म्हटलं?"

तेव्हा सासरे बोलले. लग्नानंतरच्या नऊ वर्षांत पहिल्यांदा ते मला उद्देशून बोलले. "तिला विचारा," ते म्हणाले. आणि मग थेट दाराकडे तोंड करून, "पोरी, तू सांग. याडी तू आहेस. तू नाही म्हणशील तर नाही पाठवणार. मी पाहतो कोण पाठवते ते."

अंगणवाडीच्या बाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि डोळ्यांनीच म्हटलं, बोला.

माझ्या तोंडात नाही होतं. नुसतं नाही नव्हतं, बरंच होतं. एक वर्ष थांबा. ती भाषा मला अगोदर शिकू द्या. मी पण तिच्यासोबत तिथे राहते, झाडलोट करते. सगळं तोंडाशी आलं होतं. मी पदर सावरला, ओठ उघडले. घशातून काही निघालं नाही. मी अर्जाच्या कागदाकडे पाहत राहिले. मग सासू म्हणाली, "ती काय बोलते. तिचं होच आहे." आणि सासऱ्यांनी मान खाली घातली.

पोरगी तेवढा वेळ माझ्या तोंडाकडे पाहत होती. ती माझ्या मांडीवरून उठली, ओसरीवर गेली आणि बापाच्या हातातून तो अर्जाचा कागद ओढून घेतला. चुरगाळून मुठीत धरला आणि मला आणून दिला.

"पाहा व, बापाचाच कागद हिसकून राह्यली!" अंगणवाडीच्या बाई म्हणाल्या. सगळे हसले. नवऱ्याने माझ्या हातातून कागद घेतला, मांडीवर ठेवून तळहाताने सरळ केला आणि लिहायला लागला.

आज दुपारी घरात कोणी नव्हतं. मला वाटलं, तिला निदान सांगावं. अचानक सोडून येणं बरं नाही. मी तिला समोर बसवलं. पण आमच्याजवळ शाळेची खूण नाही. लांबची नाही, जूनची नाही, की तू राहशील आणि मी परत येईन, याची तर नाहीच. जे घरात लागलं तेवढंच आम्ही दोघींनी केलं होतं. मी एसटीचं चाक धरल्यासारखे हात फिरवले. मग तिच्या छातीवर बोट ठेवलं, तू. मग गालावर हात ठेवला, झोप. मग माझ्या छातीवर बोट ठेवून हात हलवला, मी नाही. तो हात तिने कसा घेतला कोण जाणे.

ती टाळ्या वाजवायला लागली. एसटीत बसून जायचं आणि तिथे झोपायचं म्हणजे तिला एकच ठिकाण माहीत आहे, माझं माहेर. तिने खुंटीवरून फ्रॉक ओढला, अंगातल्यावरच घातला. चपला घालून दारात जाऊन उभी राहिली, आणि माझ्या चपला हातात धरून मला बोलवत राहिली.